उत्तर टोकाचा उकाडा

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "थंडी किती होती?" इमारतीखालच्या बकाल्यातला, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातला, मलबारी माणूस विचारतो, लिफ्टमधल्या शेजारणी विचारतात, पुण्याहून फोनवर ईरा विचारते. मी म्हणते, "होती थोडी." खरं सांगायला बसलं तर वेळ लागतो आणि दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. म्हणून एकदाच लिहून काढते आहे.

मी कुवेतमध्ये नर्स आहे. जलीब अल शुयूख या कामगारवस्तीच्या अंगाला असलेल्या एका रुग्णालयात, कॅज्युअल्टीत. उन्हाळा इतरांकडे हवेतून येतो, आमच्याकडे स्ट्रेचरवरून येतो. मोटरसायकलवरून जेवण पोचवणारी पोरं येतात, खोलीतला एसी बंद पडलेला असताना दुपारभर तिथंच पडून राहिलेले येतात, गच्चीवर टाकी दुरुस्त करायला गेलेले येतात. तापलेल्या अंगावर ओल्या चादरी, काखेत बर्फ, वर पंखा, आणि नाव विचारत राहायचं. जून ते ऑगस्ट माझी बोटं बर्फानं सुन्न असतात आणि बाहेर पारा पन्नाशीला टेकलेला असतो. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. मलाही पूर्वी वाटायची.

श्रीकांत, माझा नवरा, तेल कंपन्यांची कामं घेणाऱ्या एका फर्ममध्ये हिशेब बघतो. आम्ही फहाहीलला राहतो. एकुलती एक मुलगी ईरा पुण्यात आर्किटेक्चर शिकते. गेल्या हिवाळ्यात एकदा ड्युटीवरून येऊन मी पर्ससुद्धा खाली न ठेवता त्याला म्हटलं होतं, "मला आता हे नको वाटतं." तो म्हणाला, "ईराचं शिक्षण होऊ दे, मग बघू." वाईट हेतूनं नाही म्हणाला. त्याचा स्वभावच तसा, कुठलीही गोष्ट पुढच्या तिमाहीत ढकलण्याचा. मी पर्स ठेवली आणि कुकर लावला.

आणि मग रेखाचा फोन आला. रेखा लातूरची. आमच्याच वॉर्डात होती, माझ्याहून लहान, लग्न केलेलं नाही. चार-पाच वर्षांपूर्वी ती नॉर्वेला गेली. आधी मदतनीस म्हणून लागली, भाषा शिकली, परीक्षा दिल्या, आणि आता पार उत्तरेकडे, समुद्राकाठच्या एका छोट्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नर्स आहे. ती म्हणाली, "ये की गं इकडं. जुलैतसुद्धा स्वेटर घालून बसावं लागतंय. दहा दिवस नुसती झोप काढ." झोप म्हटल्यावर मी तिकिटं बघायला लागले. नॉर्वे बघायची हौस श्रीकांतची, माझी हौस पांघरूण घेऊन झोपायची.

फहाहीलच्या बाजारात जुलै महिन्यात आम्ही थर्मल कपडे मागितले तेव्हा दुकानदारानं आधी माझ्याकडे, मग रस्त्याकडे पाहिलं. पोटमाळ्यावरून खोका काढून त्यावरची धूळ झटकली. ती धूळ तोझची होती, आमच्याकडच्या वादळाची, पिठासारखी बारीक. रेखासाठी ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि निघालो.

ट्रॉम्सो

विमानाचं दार उघडलं तेव्हा मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून तयार होते. बाहेरून आली ती उबदार हवा. मला वाटलं इंजिनाची असेल. पायऱ्या उतरून धावपट्टीवर आलो तरी तीच.

टॅक्सीवाला अर्ध्या चड्डीत होता. "तुम्ही फार नशीबवान," तो म्हणाला. "अशी हवा आम्ही कधी पाहिलीच नाही." गावात शिरलो तर जिथं हिरवळ होती तिथं माणसं पसरली होती. आजीबाई, ऑफिसातले लोक, तान्ही बाळं, सगळे कमीत कमी कपड्यांत, डोळे मिटून, तोंडं उन्हाकडे. काहींची पाठ उकडलेल्या कोलंबीसारखी झाली होती. आमच्या हातावर लोकरी जॅकेटं, पायात जाड मोजे. आम्ही दोघं आपोआप भिंतीच्या कडेनं, सावली धरून चालत होतो. वर्षानुवर्षांची सवय. कुवेतमध्ये माणूस गाडी लावताना जवळची जागा बघत नाही, सावलीची बघतो. इथं एक बाई बाकावर बसली होती; सावली सरकत तिच्या पायाशी आली तशी तिनं उठून बाक उन्हात ओढला. मी थांबून बघत राहिले.

पारा तिशीच्या वर गेला होता. आकडा ऐकून श्रीकांत हसला, "आपल्याकडे एवढ्यात लोक शाल घेतात." पण हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर त्याचं हसू गेलं. एसी नाही, पंखा नाही, खिडकी वीतभर उघडते. आणि सूर्य मावळत नाही. तो डोंगराच्या डोक्यावरून आडवा आडवा फिरत राहतो, आणि आपण झोपायच्या वेळी बरोबर खिडकीसमोर येतो. पडदा होता, पण पातळ. मी डोळ्यांवर मोजा बांधला. मोजा लोकरी होता.

सकाळी बंदरावर बोटीतून थेट विकतात ती शिजवलेली कोलंबी घेतली. इकडची पद्धत म्हणजे सोलायची, पावावर रचायची, वर थोडं मेयोनीज आणि लिंबू. मीठसुद्धा समुद्राचंच. मी चिपळूणची, कोलंबी म्हटलं की मला आधी मसाल्याचा वास हवा असतो. पण ती कोलंबी गोड होती, खरोखर गोड, आणि आम्ही कागदी पिशवी रिकामी होईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

रेखाचं गाव

गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. रेखा शिकवायची, मी म्हणायची आणि ती हसायची. ट्रॉम्सोहून एक वेगवान बोट जाते, मध्ये दोन-तीन धक्क्यांना टेकत. दोन्ही बाजूंना डोंगर सरळ पाण्यातून उठलेले, त्यांच्या घळींत अजून बर्फाचे पांढरे ओरखडे. चित्रासारखं म्हणतात तसं. मला त्या बर्फाचा राग येत होता. दिसत होता, आणि मला घामोळं आलं होतं.

रेखा धक्क्यावर वर्तमानपत्रानं वारा घेत उभी होती. मिठी मारली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तर कुवेत संगं घेऊन आलात की."

तिचं घर लाकडी, पिवळं, सुरेख. पण ते बांधलंय थंडीसाठी. भिंतींत लोकर भरलेली, खिडक्यांना तिहेरी काचा. एकदा आत शिरलेली ऊब बाहेर जायचं नाव घेत नाही. "घर नाही हे, थर्मास आहे," श्रीकांत म्हणाला. खिडकी उघडली तर डास, आणि ते आपल्याकडच्या डासांसारखे गुणगुणत नाहीत, गपचूप येतात. पंखे आसपासच्या सगळ्या दुकानांतून संपले होते.

मी रेखाला विचारलं, "स्वयंपाकाची अॅल्युमिनियम फॉइल आहे?" दुपारभरात मी सगळ्या खिडक्यांना आतून फॉइल चिकटवली. जलीबमध्ये गेलात तर एका खोलीत सहा-सहा जण राहतात त्या इमारतींच्या खिडक्या अशाच चमकताना दिसतील. खोलीचा ताप लगेच उतरला. दुसऱ्या दिवशी पोस्टाची बाई रेखाला हळूच विचारून गेली, की आत गांजाची झाडंबिडं लावली आहेत का. रेखानं तिला सगळं समजावलं. जाताना ती बाई स्वतःसाठी फॉइलची गुंडाळी मागून घेऊन गेली.

झोप मात्र आली नाही. अंधार केला तरी अंगाला कळतं की बाहेर उजेड आहे. पडून राहायचं, उठायचं, पाणी प्यायचं. समोरच्या रस्त्यावर कुणीतरी अवेळी घर रंगवत असायचं, पोरं सायकली फिरवत असायची. रेखा म्हणाली, उन्हाळ्यात इकडे सगळे असेच, हिवाळ्यात झोपतात. मी मनात म्हटलं, मग मी चुकीच्या ऋतूत आले.

श्रीकांत मात्र खुशीत होता. एका दुपारी तो म्हणाला, समुद्र आहे ना समोर, पोहून येऊ. कपडे काढून सूर मारला आणि तितक्याच वेगानं परत आला, ओठ निळे, तोंडातून शब्द फुटेना. हवा तापली तरी पाणी होतं तसंच बर्फाचं. नंतर आम्ही धक्क्यावर बसून नुसते पाय सोडायचो. नॉर्वेची थंडी मला गुडघ्यापर्यंतच मिळाली.

आर्ने

रेखाच्या शेजारी आर्ने नावाचे गृहस्थ राहायचे. ऐंशी ओलांडलेले, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दक्षिणेत ओस्लोला. त्यांच्या घराला समुद्राच्या बाजूनं काचेचा व्हरांडा होता, तीन बाजूंनी काच, वरही काच. त्यात एक वेताची खुर्ची, आणि त्या खुर्चीत ते दिवसभर, लोकरी जाकिटासकट.

रेखानं आमची ओळख करून दिली तेव्हा त्यांनी कॉफी केली आणि तपकिरी रंगाचं चीज किसणीसारख्या सुरीनं कापून पावावर दिलं. ते चीज गोडसर लागतं, आटवलेल्या दुधाची वडी किंचित करपली तर लागेल तसं. श्रीकांतला आवडलं नाही, मी त्याच्या वाटचंही खाल्लं.

कुवेत म्हटल्यावर आर्नेंनी डोळे बारीक केले. तरुणपणी ते तेलाच्या जहाजांवर होते. सावकाश, शब्द शोधत इंग्रजी बोलायचे. "तुमच्या इथं दोनदा आलो होतो," ते म्हणाले. "पण जमिनीवर उतरू दिलं नाही. जहाजावरून फक्त तेलविहिरींच्या ज्वाळा दिसायच्या. त्या ज्वाळांच्या मागे काय आहे?"

श्रीकांत म्हणाला, "तिथंच आम्ही राहतो."

त्यांना ते फार आवडलं. तेव्हापासून आम्ही दिसलो की ते हात वर करून म्हणायचे, "कुवेत."

त्या व्हरांड्यात बसून माझ्या कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता. मी म्हटलं, "इथं फार तापतंय. दार उघडं ठेवत जा. आणि कॉफीऐवजी पाणी घ्या."

ते म्हणाले, "हिवाळ्यात दोन महिने आम्हाला सूर्य दिसतच नाही. आता तो आलाय तर मी त्याला दार बंद करू?"

"दार उघडा म्हणतेय मी."

"मग वारा येतो," ते म्हणाले, आणि वर पुन्हा कॉफी ओतली.

घरी येताना श्रीकांत म्हणाला, "तू सुट्टीवर आहेस ना?" मी म्हटलं, "हो."

ती दुपार

आम्ही जाऊन पाच-सहा दिवस झाले असतील. रेखा ड्युटीवर गेली होती. जेवण झालं होतं, रेखानं सकाळीच केलेलं पिठलं आणि आमच्या पिठाच्या भाकरी. आम्ही दुकानातून दूध आणायला निघालो. आर्नेंच्या घरावरून जाताना श्रीकांत म्हणाला, "आजोबांना झोप लागलेली दिसते. नशीबवान आहेत."

मी बघितलं. मान एका बाजूला कलली होती. कप खाली पडला होता आणि पॅन्टवर कॉफीचा मोठा डाग होता. झोपलेल्या माणसाच्या मांडीवर गरम कॉफी सांडली तर तो उठतो.

मी धावले नाही. कॅज्युअल्टीत आम्ही धावत नाही, भरभर चालतो. दार उघडंच होतं, तिकडे कुणी कुलूप लावत नाही. व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि तोंडावर भट्टी उघडल्यासारखं झालं. त्यांच्या गळ्याला हात लावला. कातडी कोरडी, तव्यासारखी. नाडी धावत होती. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले, ओठ हलले, पण बघणं माझ्याकडे नव्हतं.

"श्रीकांत, फोन लाव. सांग की म्हातारा माणूस आहे, उष्माघात आहे, शुद्ध हरपत चालली आहे. आणि मला मदत कर, यांना इथून हलवायचंय."

श्रीकांतला रक्त काढलेलंही बघवत नाही. ईराच्या जन्माच्या वेळी तो बाहेर पायऱ्यांवर बसून होता. त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि चादरीचं एक टोक धरलं. फोनवरची बाई शांत आवाजात प्रश्न विचारत होती. रुग्णवाहिका म्हणजे तिथं बोट. निघाली आहे, पण लांबून येतेय, असं ती म्हणाली.

घराच्या मागे, डोंगराच्या बाजूला, बोटी ठेवायची एक शेड होती. खाली दगडी फरशी, सदा सावली. आम्ही त्यांना चादरीवरून ओढत तिथं नेलं. मी लोकरी जाकीट कापलं, शर्ट कापला. नळाचं पाणी, देवाची कृपा, अगदी गार होतं. चादर भिजवून अंगावर घातली.

"बर्फ बघ," मी म्हटलं.

श्रीकांत धावत गेला आणि परत आला. "बर्फ नाही. फ्रीजरमध्ये नुसते मासे आहेत."

"मासेच आण."

त्यानं हातभर लांबीची गोठलेली पाकिटं आणली, कॉड असावा. मी ती फडक्यांत गुंडाळून दोन्ही काखांत, मानेशी, जांघेत लावली. आता वारा हवा होता. पंखा नव्हताच कुठे. श्रीकांतनं इकडंतिकडं बघितलं आणि भिंतीला टांगलेली एक लाल प्लास्टिकची पाटी काढली, मुलं बर्फावरून घसरायला घेतात ती. दोन्ही हातांनी धरून तो वारा घालायला लागला. मी सांगेपर्यंत त्यानं थांबायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं. तो थांबला नाही.

पुढचं मला सलग आठवत नाही. चादर कोमट झाली की पुन्हा भिजवायची, मासे बदलायचे, नाडी बघायची, जीभ मागे जात नाही ना बघायचं. एकदा त्यांना उलटी झाली, तेव्हा कुशीवर वळवलं. एकदा सगळं अंग थरथरलं, आणि मला वाटलं, गेले. मग कधीतरी कातडी माझ्या हाताखाली माणसासारखी लागायला लागली. त्यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. तक्रारीचा सूर होता. मला फार बरं वाटलं. तक्रार करणारा पेशंट जगतो, हे मी नव्या मुलींना नेहमी सांगते.

बोट आली. पिवळे कपडे घातलेली दोन माणसं, एक बाई, एक बाप्या, चढून आली आणि त्यांनी सगळं हातात घेतलं. बाईनं काखेतलं माशाचं पाकीट काढून हातात धरलं, माझ्याकडे बघितलं.

"हे कुठे शिकलात?"

"कुवेतमध्ये."

ती हसली नाही. नुसती मान हलवली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

ते गेल्यावर मी शेडच्या पायरीवर बसले. पाठ भिंतीला टेकली, उठवेना. ड्युटीवर असं होतं, पण तेव्हा पुढचा स्ट्रेचर आलेला असतो, म्हणून कुणाला दिसत नाही. श्रीकांत शेजारी येऊन बसला. त्याच्या तळहातांना फोड आले होते. सुटलेले मासे एका ओळीत पडले होते, आणि समुद्रपक्षी ते उचलायला लागले होते. आम्ही त्यांना हाकललं नाही.

नंतरचे दिवस

छोट्या गावात बातमी चालत जात नाही, उडत जाते. संध्याकाळपर्यंत रेखाच्या ओट्यावर दोन केक, एक वाफल्सचं ताट आणि बरणीभर पिवळ्या रानबोरांचा मुरंबा जमला. लोक दारात उभे राहून माझा हात हातात घ्यायचे, बोलायचे कमी. रेखाच्या निवासाच्या मुख्य बाई स्वतः आल्या. रेखा मध्ये बसून सांगत होती, "त्या म्हणायल्यात, तुझ्यासारखी माणसं हवीत इथं. भाषा शिक, बाकीचं आम्ही बघू म्हणायल्यात." मग मराठीतच पुढे, "बघ, नोकरी घरी चालत आली. इथं काही तुझ्या कॅज्युअल्टीसारखं नसतंय. म्हातारी माणसं, खिडकीतून समुद्र. अजून पंधरा वर्षं आरामात करशील."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसले, थँक्यू म्हटलं. पंधरा वर्षं हे शब्द ऐकले आणि वाफल्सचं ताट सगळ्यांपुढे फिरवायला उठले. आनंद व्हायला हवा होता. एक माणूस वाचला होता. मला फक्त आडवं व्हायचं होतं. श्रीकांत कोपऱ्यात बसून हाताला लावलेली पट्टी नीट करत होता.

निघायच्या आदल्या दिवशी आर्नेंना ट्रॉम्सोच्या रुग्णालयातून रेखाच्या निवासात आणलं. मूत्रपिंडांना धक्का बसला होता, पाय लटपटत होते, आणि मधूनच त्यांना दिवस-वार उमगत नव्हते. मुलगी ओस्लोहून आली होती. बारीक, डोळे सुजलेले. तिनं मला घट्ट धरलं. मग म्हणाली, घरी एकट्यानं राहणं आता जमणार नाही, घर बंद करावं लागेल.

आर्ने खिडकीशी बसले होते. पडदा ओढलेला होता. सगळ्या निवासातच उन्हाच्या बाजूचे पडदे ओढले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. रेखानं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, ही शेजारची, कुवेतची, हिनं तुम्हाला सावलीत नेलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग इंग्रजीत म्हणाले, "त्या दिवशी ऊन फार छान होतं."

मी म्हटलं, "हो. छान होतं."

मी त्यांच्या हाताची नाडी बघितली, सवयीनं, आणि हात परत त्यांच्या मांडीवर ठेवला. दाराशी आल्यावर रेखा म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको." मी म्हटलं, नाही लावून घेत. खरंच नव्हतं लावून घेतलं. त्यांचं म्हणणं मला कळलं होतं; त्यांचं घरही गेलं होतं आणि ऊनही.

परतीची बोट

आम्ही निघालो त्या सकाळी हवा फिरली. समुद्रावरून धुकं आलं, डोंगर अर्ध्यावरून पुसले गेले, आणि बारीक, तिरका, गार पाऊस सुरू झाला. धक्क्यावर रेखा स्वेटर घालून आली होती. "आता बघ," ती म्हणाली, "आता आलं आमचं गाव ताळ्यावर." तिचे डोळे भरले होते. मी तिला म्हटलं, तू तिकडे ये हिवाळ्यात, भाकरी मी करीन.

बोटीत आत बसायला जागा होती, पण मी बाहेर डेकवर उभी राहिले. जॅकेट घातलं, पहिल्यांदाच. श्रीकांत कागदी कपांत कॉफी घेऊन आला.

"एवढ्या वर्षांत मी तुला काम करताना कधी बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

"बघायचं कसं? तू पेशंट म्हणून आलास तरच."

तो हसला नाही. "तू त्यांच्याशी मराठीत बोलत होतीस. माहितेय तुला?"

मला माहीत नव्हतं. वॉर्डात मी हिंदी बोलते, मोडकं अरबी बोलते, थोडं बंगाली कळतं. मराठी कधी लागत नाही. मी विचारलं, "मी काय म्हणत होते?"

त्यानं कपाकडे बघितलं. "आधी म्हणत होतीस, बाबा डोळे उघडा, झोपू नका. मग नंतर नुसतं एकच. बाबा, मी फार दमलेय हो, आता उठा. मी फार दमलेय, आता उठा. कितीतरी वेळ तेच."

पाऊस कठड्यावरून गळत होता. मी त्या दुपारचं आठवून बघायचा प्रयत्न केला. चादर आठवली, मासे आठवले, लाल पाटी वरखाली होताना आठवली. आवाज आठवला नाही.

"गावातले सगळे म्हणत होते, हिनं हे कधी सोडू नये," श्रीकांत म्हणाला. "मी तिथं बसून ऐकत होतो. त्यांनी आजोबांना बरं झालेलं बघितलं. मी तुला बघितलं." मग म्हणाला, "सोड तू. रजा नाही म्हणत मी. सोड."

"ईराचं कॉलेज?"

"ते माझ्याकडे लागलं. गाडी विकू, कमी भाड्याची एखादी लहान जागा बघू. पण तू सोड."

मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी त्याच्या हातातली कॉफी घेतली, कारण माझी संपली होती. मग आम्ही आत जाऊन बसलो, आणि ट्रॉम्सो येईपर्यंत मी त्याच्या खांद्यावर झोपले. उतरताना त्यानं उठवलं तेव्हा त्याचा खांदा अवघडला होता आणि बाहेर चक्क अंधारल्यासारखं झालं होतं.

कुवेत

विमानतळाबाहेर आलो तेव्हा चष्म्यावर वाफ धरली. त्याच आठवड्यात मी ड्युटीवर रुजू झाले. वॉर्ड जसा सोडला होता तसाच होता, स्ट्रेचर फक्त जास्त होते. नेहमीप्रमाणे काम केलं, तक्रार नाही. पण शिफ्ट संपल्यावर बसकडे न जाता इन्चार्ज सिस्टरच्या खोलीत गेले.

त्या कोट्टयमच्या. माझ्याही आधीपासून कुवेतला आहेत, निवृत्तीला आल्या आहेत. मी राजीनाम्याचं बोलले. त्यांनी चष्मा काढला. "दुसरीकडे नोकरी मिळाली?"

"नाही."

"घरी कुणी आजारी?"

"नाही, सिस्टर. मी दमलेय."

त्यांचे स्वतःचे पाय टेबलाखाली स्टुलावर ठेवलेले होते, घोट्यांना सूज होती. मग त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला आणि हिंदीत म्हणाल्या, "असं कारण या फॉर्ममध्ये नाही. यात देता येईल असं लिहिते." आणि कारणाच्या जागी लिहिलं, कौटुंबिक.

घरी आल्यावर मी श्रीकांतला ते सांगितलं. तो भाजी निवडत होता. हात न थांबवता म्हणाला, "मग बरोबरच लिहिलंय की त्यांनी."